दुभंगलेल्या ओठाचं बाळ : जन्मापासून व्रण मऊ पडेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ओठ फाटलेलं बाळ जन्मलं की घरात सगळे एकच विचारतात : टाके कधी घालायचे? त्याचं उत्तर तीन महिन्यांनंतरचं आहे. तोपर्यंत बाळ पोसलं जाणं महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच सर्वांत जास्त गडबड होते. टाळू न तपासता घरी पाठवणं, बाटलीच्या बोंडाचं भोक मोठं करणं, आडवं झोपवून पाजणं, वजन अंदाजाने धरणं या चुकांमुळे शस्त्रक्रिया लांबते आणि बाळ विनाकारण खंगतं. हा लेख आईवडिलांसाठी आहे, तसाच आशा आणि एएनएम ताईंसाठीही. टप्पे इथे दिलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्येक टप्पा मागच्यावर उभा आहे.

## टप्पा १ : ओठात काय काय असतं

फट दिसते कातडीची, पण अडचण असते आतल्या स्नायूची. हे कळलं की पुढची बरीचशी पथ्यं आपोआप पटतात.

वरच्या ओठाचे बाहेरून आत असे थर असतात : कातडी, तिच्याखाली चरबीचा पातळ पदर, मग स्नायू, त्याच्या मागे लाळेच्या बारीक ग्रंथी आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ थर, आणि शेवटी तोंडाच्या आतलं ओलं अस्तर. ओठाची मुख्य धमनी स्नायूच्या मागच्या अंगाने, अस्तराला लागून जाते. म्हणून ओठ आतून चावला तरी भळाभळा रक्त येतं.

मुख्य स्नायू म्हणजे तोंडाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू, ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस. बटव्याची नाडी ओढली की तोंड आवळतं, तसं काम हा स्नायू करतो. त्याचे खोल धागे एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत आडवे जातात आणि ओठ मिटवतात. वरवरचे धागे मधली रेघ ओलांडून पलीकडच्या बाजूला कातडीत रुततात, त्यामुळे नाकाखालच्या पन्हळीच्या दोन्ही कडा उंचावतात. ओठ जिथे लाल होतो त्या सीमेवर एक बारीक उठावदार पांढरट कड असते. शस्त्रक्रियेत ही कड दोन्ही बाजूंनी जुळावी लागते. ती एक मिलिमीटरने चुकली तरी समोर बसलेल्याला दिसते.

फट नाकपुडीपर्यंत गेलेली असेल तर स्नायूच्या आडव्या धाग्यांना पलीकडे जायला वाटच नसते. ते फटीच्या कडेने वर वळतात. बाहेरच्या बाजूचे धागे नाकपुडीच्या बुडाशी चिकटतात, आतल्या बाजूचे नाकाच्या मधल्या खांबाच्या पायथ्याशी. बाळ रडलं की दोन्हीकडचे धागे उलट दिशांना ओढतात आणि फट रुंदावते, नाकपुडी पसरते. फट दोन्ही बाजूंना पूर्ण असेल तर मधल्या तुकड्यात हा स्नायू जवळजवळ नसतोच.

कधी फटीच्या वरच्या टोकाला कातडीचा छोटा पूल दिसतो. त्यावरून फट किरकोळ असल्याची समजूत करून घेऊ नका, कारण अशा अरुंद पुलात बहुतेकदा स्नायू नसतो. उलट, कातडी अखंड असून ओठावर नुसती खाच किंवा रेघ दिसत असली तरी तिच्याखालचा स्नायू तुटलेला असू शकतो.

हे दोष नव्हेत : दूध ओढून वरच्या ओठाच्या मध्यावर येणारा पांढुरका फोड, आणि ओठाला हिरडीशी जोडणारी आतली दोरी. तान्ह्या बाळात ही दोरी हिरडीच्या कडेपर्यंत येणं नेहमीचं आहे. वाढीबरोबर ती वर सरकते. बाळ नीट पीत असेल तर ती कापायची घाई नको.

## टप्पा २ : पहिल्याच दिवशी पूर्ण तपासणी

ओठाची फट सगळ्यांना दिसते. टाळूची फट शोधावी लागते, आणि पाजण्याचा सगळा बेत तिच्यावर ठरतो. डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित परिचारिकेने पुढील क्रमाने पाहावं :

१. श्वास. बाळ शांत असताना छाती आत ओढली जाते का? हनुवटी फार लहान आणि आत गेलेली आहे का? तशी असेल तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. अशा बाळाला पाजण्याआधी तज्ज्ञ लागतो.

२. ओठ आणि हिरडी. फट एका बाजूला की दोन्ही? नाकपुडीत शिरते का? हिरडी अखंड आहे का? ही माहिती कागदावर लिहून घ्या, शक्य तर बाळ शांत असताना फोटोही काढा.

३. टाळू, डोळ्यांनी. बाळाचं डोकं किंचित मागे, उजेड सरळ तोंडात, जीभ दाबायला चपटी पट्टी. पार मागे पडजिभेपर्यंत दिसलं पाहिजे. पडजीभ दोन फाकांची आहे का तेही बघा.

४. टाळू, बोटाने. स्वच्छ हातमोजा घातलेली करंगळी, मऊ बाजू वर करून, हिरडीपासून मागे न्या. हाडाच्या टाळूची मागची कड गुळगुळीत लागली पाहिजे. तिथे खाच लागली, किंवा मऊ टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ दिसली, तर वरचं अस्तर शाबूत असूनही आतला स्नायू दुभंगलेला असू शकतो. डोळ्यांनी पाहून हीच फट सुटते.

५. खालचा ओठ. मध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डे दिसले तर लिहून ठेवा. ही खूण असलेला प्रकार घराण्यात उतरतो आणि पुढच्या अपत्याला येण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असते.

६. बाकीचं शरीर. हृदयाचे आवाज, हातपाय, डोळे, आणि नवजात बाळाची श्रवणतपासणी.

तपासून बघा : डिस्चार्ज कार्डावर ‘टाळू बोटाने तपासली’ असं लिहिलं आहे का? नसेल तर दवाखाना सोडण्याआधी तपासून आणि लिहून घ्या.

ग्रहणात आईने विळी-सुरी हाताळली म्हणून असं झालं, हे ऐकवणारं कुणीतरी भेटतंच. ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, आणि तोपर्यंत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं. ओठ न जुळण्यामागे आनुवंशिक आणि इतर कारणं मिळून असतात. काही फिटची औषधं आणि धूम्रपान त्यांत मोडतात, ग्रहण नाही. बाळंतिणीच्या मनावर हा दोष लादू नका, तिला पुढचे तीन महिने खूप काम आहे.

## टप्पा ३ : पाजण्याची पद्धत ठरवा

स्तन चोखताना बाळ दोन गोष्टी करतं : ओठांनी हवा अडवतं आणि टाळूला जीभ लावून तोंडात निर्वात पोकळी तयार करतं. फक्त ओठ फाटला असेल तर पहिलं काम बिघडतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे. टाळू फाटली असेल तर दुसरं बिघडतं. मग बाळ कितीही जोर लावो, दूध ओढता येत नाही.

### फक्त ओठ फाटला असेल तर

अंगावरच पाजा. स्तनाचा मऊ भाग किंवा आईचा अंगठा फटीवर टेकवला की हवा अडते. फट असलेली बाजू वर येईल असं बाळाला धरून बघा. फट दोन्ही बाजूंना असेल तर बाळाला मांडीवर समोरासमोर, पाय दोन्हीकडे टाकून बसवलेलं सोयीचं पडतं. एक-दोनदा चोखल्यावर घुटका गिळल्याचा आवाज आला पाहिजे. तो येत नसेल आणि नुसता टक्-टक् आवाज येत असेल, तर बाळ दूध न ओढता चघळतं आहे.

### टाळूही फाटली असेल तर

स्तनाशी जवळीक ठेवा, पण पोट त्यावर भरेल असं धरून चालू नका. पहिल्या तासापासून दूध हाताने किंवा पंपाने काढायला लागा. चीक एक थेंबही वाया घालवू नका. चोवीस तासांत किमान ८ वेळा काढा, त्यात रात्रीचं एकदा तरी हवंच. बाळ चोखत नाही म्हणून दूध आटतं, आणि आटलं की वरच्या दुधाची वेळ येते. काढलेलं दूध झाकून खोलीत ४ तास चालतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रीजच्या आतल्या बाजूला २४ तास.

पाजायला वाटी-चमचा, पळी किंवा चोच असलेलं बोंडलं चालतं. दाबता येणारी मऊ बाटली किंवा उलटं न जाऊ देणाऱ्या झडपेची खास बाटली मिळाली तर तीही चांगली. कोणतंही साधन निवडा, कृती तीच :

१. भांडी उकळून घ्या, हात धुवा, दूध मोजून घ्या.

२. बाळाला किमान ४५ अंशांत बसतं धरा, मान आणि डोकं हाताच्या आधारावर. जितकं सरळ, तितकं नाकातून कमी येतं.

३. चमच्याची किंवा बोंडल्याची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागू द्या. घशात ओतू नका. बाळ जिभेने आत घेईल.

४. बाटली असेल तर बोंड टाळूच्या शाबूत बाजूला ठेवा. बाळ चोखतं तेव्हा हलकंच दाबा, थांबतं तेव्हा सोडा.

५. दर १५-२० मिलिलिटरनंतर ढेकर काढा. फटीतून हवा फार गिळली जाते.

६. सगळं २० ते ३० मिनिटांत आटपा. त्यापुढे बाळ पितं कमी आणि दमतं जास्त, म्हणजे घेतलेली ताकद पिण्यातच खर्च होते.

७. शेवटी स्वच्छ ओल्या कापडाने फटीच्या कडा टिपा. फटीत किंवा नाकात काडी घालून साफ करू नका.

सावधान : गरम सुईने बोंडाचं भोक मोठं करू नका. दूध बाळाच्या गिळण्याच्या लयीत न येता सतत वाहतं आणि श्वासनलिकेत जातं.

नाकातून दूध आलं की घरचे घाबरतात आणि पाजणं सोडून देतात. नाकात आलेलं दूध म्हणजे ठसका नव्हे. थांबा, बाळाला सरळ करा, पुसा, पुन्हा सुरू करा. मात्र खोकला, ओठ निळसर पडणं, डोळे पांढरे होणं किंवा पाजल्यावर छातीत घरघर असेल, तर पाजणं थांबवून लगेच दवाखाना गाठा.

मध चाटवणं, गुटी, साखरपाणी यांतलं काहीही नको. मध तर वर्ष होईपर्यंत कोणत्याच बाळाला देऊ नये. त्यातल्या जंतूंमुळे अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो.

## टप्पा ४ : दूध मोजा, वजन लिहा

पहिल्या दिवशी दर किलो वजनामागे सुमारे ६० मिलिलिटर, मग रोज थोडं वाढवत आठवड्याअखेर दर किलो १५० मिलिलिटरपर्यंत न्या. तीन किलोच्या बाळाला म्हणजे दिवसाला ४५०, आठ वेळा विभागून दर वेळी ५५ ते ६०. हा हिशोब काढून पाजलेल्या दुधाचा आहे.

जन्मानंतर काही दिवसांत वजन १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. त्यापुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून, पाजण्याआधी करा. आशा ताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्या भेटींत वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा-सात वेळा लंगोट ओला झाला पाहिजे.

तपासून बघा : आठवड्याची वाढ १४०-१५० ग्रॅमच्या खाली गेली तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. आधी पद्धत तपासा : बाळ सरळ बसवलेलं आहे का, मापाने पाजलं जातं का, वेळ किती लागतो. मग डॉक्टरांना दाखवा. दुधात परस्पर जास्त पावडर घालून ‘घट्ट’ करणं मात्र धोक्याचं आहे, त्यातून जुलाब होतात आणि अंगातलं पाणी कमी होतं.

## टप्पा ५ : पट्टी आणि साचा

हा टप्पा प्रत्येक बाळाला लागत नाही. फट रुंद असेल तर ओठाचे दोन भाग जवळ आणण्यासाठी गालापासून गालापर्यंत कागदी चिकटपट्टी लावतात. हिरडी आणि नाकासाठी टाळूत बसणारा साचा लागला तर तो पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावा लागतो, कारण जन्मल्यावर थोडे आठवडेच नाकाची कूर्चा मऊ असते. साचा दर आठवड्याला तपासून बदलावा लागतो. येणंजाणं जमणार नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, अर्धवट सोडलेल्या साच्याने जखमा होतात.

पट्टी लावताना गाल कोरडे करा, आधी गालांवर त्वचा राखणारी जाड पट्टी चिकटवा आणि ताणाची पट्टी तिच्यावर लावा. प्रथम एका गालावर, मग ओठाचा तो भाग बोटाने मध्याकडे ढकलून दुसऱ्या गालाकडे. काढताना ओली करून, हळू. पट्टीने नाकपुडी झाकली जाता कामा नये. गालावर पुरळ आलं तर एक दिवस विश्रांती द्या.

## टप्पा ६ : शस्त्रक्रियेची तयारी

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात. जुना, आजही वापरात असलेला ठोकताळा दहाचा आहे : वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. दोन-तीन महिन्यांच्या वयात हिमोग्लोबिन निसर्गतःच उतरतं, म्हणून जन्माच्या वेळचा आकडा इथे उपयोगाचा नाही. नव्याने तपासा.

खर्चासाठी थांबू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. आशा ताईंमार्फत किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान केंद्रात नाव नोंदवा. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया मोफत होते.

लसी वेळेवर द्या. १० आणि १४ आठवड्यांचे डोस नेमके याच काळात येतात, म्हणून लस आणि शस्त्रक्रियेत काही दिवसांचं अंतर ठेवायला डॉक्टरांना सांगा. लसीचा ताप आणि आजाराचा ताप वेगळा ओळखता येत नाही.

भेटीत हे विचारा : स्नायू वेगळा करून जोडणार का? नाकाची बैठक त्याच वेळी नीट करणार का? नंतर कशाने पाजायचं? शेवटचं उत्तर मिळालं की त्याच साधनाची सवय आठवडाभर आधी लावा. टाके पडल्यावर नवा चमचा शिकवणं सगळ्यांनाच जड जातं.

उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. सर्वसाधारणपणे आईचं दूध ४ तास आधी, पावडरचं किंवा जनावराचं दूध ६ तास आधी बंद. इथे दोन उलट चुका होतात. कुणी कळवळून चमचाभर दूध पाजतं आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका होतो. कुणी ‘उपाशीच ठेवायचंय’ म्हणून रात्रभर काही देत नाही आणि बाळाची साखर उतरते. घड्याळाचा गजर लावा, शेवटचं पाजणं वेळेवर उरका आणि ती वेळ लिहून न्या.

सावधान : ताप, खोकला, पिवळा शेंबूड असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते. सुजलेल्या श्वासनलिकेवर दिलेली भूल महागात पडते.

## टप्पा ७ : आत काय केलं जातं

पूर्ण भूल देतात. चुकीच्या जागी, नाकपुडीच्या आणि मधल्या खांबाच्या पायथ्याशी चिकटलेला स्नायू सोडवून खाली आडवा वळवतात आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडतात. मग अस्तर, स्नायू, कातडी असे तीन थर शिवतात. नुसती कातडी शिवली तर वर्षभराने बाळ रडताना फटीच्या दोन्ही बाजूंना फुगवटे आणि मध्ये घळ दिसते. टप्पा ६ मधला पहिला प्रश्न त्यासाठीच होता.

## टप्पा ८ : टाक्यांचे दिवस

१. पाजणं. सहसा त्याच दिवशी सुरू होतं. अंगावर पाजायला आता अनेक ठिकाणी लगेच परवानगी देतात. आपल्या शल्यविशारदांनी सांगितलं तेच करा. चमच्याचं टोक टाक्यांना लागू देऊ नका.

२. सफाई. प्रत्येक पाजण्यानंतर सलाइनमध्ये भिजवलेला कापूस टाक्यांवर हलकेच फिरवा, घासू नका. खपली सुकू दिली तर टाके आवळतात. मग दिलेलं मलम अगदी पातळ लावा. हळद, तूप, राख, तुरटी काही नको.

३. हात. कोपर वाकू नये म्हणून पट्ट्या दिल्या असतील तर एका वेळी एकच हात सोडून, डोळ्यांसमोर, मोकळा करा.

४. झोप. पाठीवरच. पालथं झोपलं की ओठ चादरीला घासतो.

५. टाके. न विरघळणारे असतील तर पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. ही तारीख चुकवू नका, जास्त दिवस राहिलेल्या टाक्यांच्या खुणा कायम राहतात.

पहिले दोन-तीन दिवस ओठ सुजतो, लाळेत रक्ताची झाक दिसते. पण ३८ अंश सेल्सिअसवर ताप, पू, टाके उसवणं, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, किंवा लंगोट आठ तास कोरडा राहणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

## टप्पा ९ : व्रणाची मालिश

साधारण तीन-चार आठवड्यांनी, जखम पूर्ण मिटली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरुवात करा. लवकर केली तर व्रण रुंदावतो. केलीच नाही तर तो ताठ राहण्याची शक्यता वाढते.

बोटाला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. व्रण फिका पडेल इतपत दाबा, वरून खाली ओढा, मग लहान गोल फिरवा. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, अनेक महिने. कातडीवर नुसतं घसरणारं बोट काही करत नाही, बोटाबरोबर खालचा स्नायू हलला पाहिजे. बाहेर नेताना टोपी घाला, कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण लाल, घट्ट होतो आणि ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रिया फसली असं वाटून इथेच बरेच जण दुसरा डॉक्टर गाठतात. व्रण आकसण्याचा तो काळ असतो. सहा महिने ते वर्षभरात बहुतेक व्रण मऊ आणि फिके होतात. दुरुस्तीचा निर्णय त्यानंतरच घ्या.

टाळूही फाटलेली असेल तर पुढची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात, म्हणजे बोलणं आकार घेऊ लागतं त्या सुमाराला. या बाळांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, त्याने ऐकू कमी येतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे जन्मावेळची श्रवणतपासणी ठीक आली असली तरी टाळूच्या शस्त्रक्रियेआधी ती पुन्हा करून घ्या, आणि बाळ हाकेला वळत नाही असं वाटलं तर त्याच आठवड्यात.